सिहोऱ्याचे पाव्हणे आणि माझं प्लास्टर

शाल पांघरली की काहीही झाकता येतं, अशी त्या वर्षी माझी ठाम समजूत होती. साल अठ्ठ्याहत्तर, महिना मे, गाव कोंढा. आंबे उतरवताना मी झाडावरून पडलो आणि उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं.

"कवटीनं मेंदू वाचवला, बरगड्यांनी छाती वाचवली," ते म्हणाले. "आता कातडी तेवढी तुम्ही वाचवा. आत खाज सुटेल, पण काडी घालून खाजवू नका. आणि दूध पीत जा, कॅल्शियम कमी दिसतंय."

हे शेवटचं मी एसटीत शेजारच्याला सांगितलं, तिथंच घात झाला. कोंढा येईपर्यंत 'कॅल्शियम कमी'चं 'हाडं ठिसूळ' झालं. पुढं सिहोऱ्याला बातमी पोचली ती अशी, की तेजरामच्या, म्हणजे माझ्या, घराण्यात हाडाचा रोग आहे, माणसं पापडासारखी मोडतात. सिहोऱ्याला म्हणजे नेमकी गोमाजींच्या घरी! त्यांचा मुलगा इश्वर आणि माझी धाकटी बहीण शकुन यांची बोलणी चालली होती. वडील नव्हते, तेव्हा लग्न जमवायचं मलाच होतं.

बापलेक मुलगी पाहायला येणार त्या दिवशी मी शाल मागितली. बायको, निर्मला, बघतच राहिली.

"मे महिन्यात शाल? खरं सांगून टाका ना. पडले तं पडले."

"खरं सांगितलं तं रोग पक्का होते."

पाव्हणे आले. इश्वर समोर बसला, गोमाजी माझ्याच बाकावर टेकले.

"तब्येत बरी नाही काय जी?"

"थोडी थंडी वाजून राहिली," मी म्हणालो. नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता.

आणि तेवढ्यात प्लास्टरच्या आत खाज उठली. मुंग्यांची वरात निघावी तशी. डॉक्टरांचं सगळं बोलणं विसरून मी खिशातली बांबूची काडी शालीखालून आत सरकवली. काय सुख वाटलं म्हणून सांगू! पण शाल फडफडायला लागली.

"आत काय आहे जी?" गोमाजींनी विचारलं.

"काही नाही."

"काही तं हालून राहिलं."

"थोडी खाज आहे."

गोमाजी सरकत सरकत बाकाच्या पार टोकाला गेले. "हाडाचं ऐकलं होतं. हे चामडीचं कोणी सांगितलं नाही."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. शाल फेकून मी ताडकन उठलो. "पाहा, रोग नाही, प्लास्टर आहे."

मी उठल्याबरोबर बाक उलटला. गोमाजी खाली गेले. त्यांना सावरायला मी झेपावलो आणि प्लास्टरसकट त्यांच्या नडगीवर पडलो. कट्ट असा आवाज झाला.

"मोडलं वाटते," गोमाजी शांतपणे म्हणाले.

शकुन पोह्यांचं ताट घेऊन येत होती. तिनं ताट खाली ठेवलं आणि बांबूच्या दोन कमच्या, चपट्या पट्ट्या, आणल्या. इश्वरनं माझी शाल टराटरा फाडली. दोघांनी मिळून पाय बांधला.

"घट्ट झालं काय?" त्यानं विचारलं.

"अजून थोडं ओढा."

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम एवढाच. मग इश्वरनं बापाला पाठीवर घेतलं, शकुननं बांधलेला पाय हातांवर तोलला आणि तिघं एसटीच्या थांब्याकडं निघाले. मागून मी, माझा हात घेऊन.

घरी परतलो तर आत्या, गोदावरीबाई, ओसरीवर वाटच पाहत होती.

"नुसता तू पडला तं नडगी मोडली? हाडाचा रोग त्याइच्याच घरी आहे. अशा घरी पोरगी द्याची नाही."

बघता बघता हे साऱ्या कोंढ्यात पसरलं. गोमाजींची हाडं उत्तम आहेत, हे मला घरोघर जाऊन सांगावं लागलं. आणि लोक माझ्या प्लास्टरकडं पाहून मान हलवायचे.

शेवटी शकुनच म्हणाली, "आत्या, बापाले पाठीवर घेऊन थांब्यापर्यंत गेला तो. दम नाही लागला त्याले. मले एवढी हाडं पुरे."

आत्यानं हट्ट सोडला. काही दिवसांनी सिहोऱ्याहून गोमाजींचा निरोप आला. मुलगी पसंत आहे, हुंडा नको. अट एकच. व्याहीभेटीला गळाभेट घ्यायची नाही, मी चार हात लांबून रामराम करायचा.

केला.