मोटारीला जाळ्याचा रंग

"अख्ख्या किहीममंदी मोटार हाकनारा मानूस एकच!" असं हिरामण दिवसातून एकदा तरी छातीवर हात मारून सांगायचा. ते खरंच होतं म्हणा, कारण अख्ख्या किहीममध्ये मोटारही एकच होती! आणि तीही त्याची नव्हती. मुंबईच्या कोठारे वकिलांची होती.

स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. कोठारे साहेब वर्षातून दोनदा लाँचनं मांडव्याला उतरायचे आणि किहीमच्या आपल्या बंगल्यावर चार दिवस राहून परत जायचे. बाकी वर्षभर बंगला आणि ती लढाईआधीची काळी मोटार हिरामणच्या ताब्यात. साहेबांनी बजावून ठेवलं होतं, "आठवड्यातून एकदा फिरवत जा, नाहीतर इंजिन धरेल. पण रिकामी फिरवायची! कुणाला बसवायचं नाही!"

रिकामी! रिकाम्या मोटारीत डायवरची ऐट बघायची कुणी? हिरामणनं पोलीस पाटील रावजींना कचेरीत नेलं, नवरदेव मिरवले, बाळंतिणी पोचवल्या, कुणाचा पाहुणा कुणाच्या घरी सोडला. जागा मिळाली नाही ती फक्त त्याच्या बायकोला, ठमीला. ती सुकटीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाजाराला चालत जायची. "एक दिवस मना बी न्या की!" म्हणाली, की हा डोळे वटारायचा, "सायबाच्या गाडीत सुकट? लाज हाय का?"

फेरी नसेल तेव्हा मोटार छपराखाली ठेवावी की नाही? नाही! येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून ती दिवसभर रस्त्यावर, भर उन्हात. व्हायचं तेच झालं. आतल्या तपकिरी कातडी गाद्या भाजलेल्या पापडासारख्या पांढुरक्या पडल्या, दारांच्या आतलं कातडं फिकटलं, टपाचं कापड विटलं.

मे महिन्यात साहेबांनी ते पाहिलं आणि हातातली छडीच खाली टाकली. "हिरामण, दिवाळीत व्याह्यांना घेऊन येतोय. तेव्हा आत असंच दिसलं, तर मोटार विकून टाकीन! मग तू बस नारळ मोजत!"

मोटार विकली तर? हिरामणला घामच फुटला. मग रस्त्यानं जाताना त्याला 'डायवर' म्हणणार कोण?

पावसाळा त्यानं नुसत्या काळजीत काढला. शेवटी त्याचा मेव्हणा नामा मदतीला धावला. नामा मासेमारी करणारा, आणि सल्ला देण्यात कुणाला हार जायचा नाही. "दाजी, आमी जालं ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवतो. सगला हंगाम खाऱ्या पान्यात ऱ्हातं. रंग जातो का? नाव नाय! तुमची गाडी काय समुद्रात जातेय का?"

हिरामणला पटलं. जाळी रंगवायच्या हंड्यात साल उकळली, आणि गाद्या, दारं, टप, सगळ्यावर काढ्याचे हात मारले. काय सांगू! सुकल्यावर मोटार आतून अशी लालसर तपकिरी दिसायला लागली, की रावजी पाटील म्हणाले, "हिरामण, ही तर नवी नवरी झाली!"

मग काय! जो आला तो बसून बघून गेला. रावजी पाटील तर नव्याकोऱ्या पांढऱ्या धोतरानिशी अलिबागच्या कचेरीपर्यंत बसून गेले. दिवाळीआधीचा उकाडा, घामाच्या धारा. पाटील कचेरीतल्या साहेबाला नमस्कार करून वळले आणि मागे सगळे कारकून फिदीफिदी हसायला लागले. "पाटील, पानाच्या पिंकेवर बसलात काय?"

संध्याकाळी पाटलांची बायको कोकिळा धोतर नाचवत हिरामणच्या दारात उभी! "साबन लावला, राख लावली, लिंबू चोलला! ह्यो डाग हलत नाय! आता ह्यांनी नेसायचं काय?" तिच्यामागे आणखी बायका, आणि प्रत्येकीच्या हातात धोतर. प्रत्येक धोतरावर बरोबर त्याच जागी तसलाच वाटोळा डाग!

हिरामण धावत नामाकडे गेला. नामानं डोकं खाजवलं. "दाजी, जाल्याचा रंग सुताला धरतो. कातड्याला नाय धरत."

"हे आता सांगतोस?"

"तुमी इचारलं कवा? बरं, घाबरू नका. रंग पक्का करायला आमी जालं खाऱ्या पान्यातनं काढतो."

बुडणारा माणूस कशालाही हात घालतो. हिरामणनं समुद्राच्या पाण्याच्या कळशा आणून गाद्यांवर ओतल्या. झालं! मीठ गादीत मुरलं आणि गादी सुकायचं नावच घेईना. उन्हात ठेवली तरी हात लावला की ओली. आधी घाम आलेल्याला डाग पडायचा, आता कोरड्यालाही पडायला लागला. वर चादर घातली, तर रात्रीतून चादर तपकिरी! आणि दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते.

मांडव्याच्या धक्क्यावर कोठारे साहेब उतरले, मागून व्याही आणि विहीणबाई. तिघंही बगळ्यासारखे पांढरेशुभ्र!

"साहेब, चालत येता का? हवा लय चांगली हाय."

"किहीमपर्यंत? वेडा झालास काय?"

"मग बैलगाडी करू? विहीनबाईंना गंमत वाटंल."

"हिरामण, दार उघड!"

त्यानं दार उघडलं. साहेबांनी आत डोकावलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "अरे वा! मुंबईतही असं काम होत नाही! बसा, बसा!" पाहुणे बसले, साहेबही बसले. हिरामणला रडू फुटायचंच बाकी होतं. किहीमपर्यंत तो गाडी अशी हाकत होता जणू पुढे फाशीचा खांब आहे.

बंगल्याच्या फाटकात गाव जमलं होतं. व्याह्यांना वाटलं, स्वागताला. ते हात जोडून खाली उतरले. रावजी पाटील पुढे आले. "सायेब, तुमच्या डायवरानं काय केलं ते बघा!" आणि ते गर्रकन वळून पाठमोरे उभे राहिले. त्यांच्यामागची सगळी रांगही वळली. कुलाबा जिल्ह्यात पाहुण्यांचं असं स्वागत कधी झालं नसेल! विहीणबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला.

"अहो, हा काय प्रकार!" म्हणत व्याहीही रागानं वळले. आणि गावानं बघितलं, व्याहीसुद्धा आता गावचेच झाले होते.

साहेबांनी हळूच आपला हात मागे नेला. तळवा बघितला. मग रांगेकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हिरामण, मोटार रिकामी फिरवायची म्हणालो होतो ना?"

हिरामण मोटारीचा दिवा पुसायला लागला.

"आणि तुझा पोशाख एवढा पांढरा कसा?"

"मी... खाली गोनपाट घालून बसतो, साहेब."

पुढचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही. मोटार विकायची ठरली. अलिबागचा दलाल पांढरी पँट घालून आला, बसून बघितली, आणि मागे हात धरून उलटा चालत निघून गेला. मग साहेबांनी हात टेकले. "मला ती डोळ्यांसमोर नको. तूच घेऊन जा!"

मोटार हिरामणची झाली! खरीखुरी, स्वतःची! दुसऱ्या दिवशी तो भोंगा वाजवत गावभर हिंडला. "या, बसा! बसा की!" रावजी पाटील धोतर आवळून गल्लीत शिरले. लोक दारं लावून घ्यायला लागले. हिरामण घरी आला आणि ओट्यावर डोकं धरून बसला. मोटार स्वतःची झाली, आणि बसणारा एकही माणूस उरला नव्हता.

ठमी आतून टोपल्या घेऊन आली. तिनं मागचं दार उघडलं आणि सुकटीच्या टोपल्या एकामागून एक गादीवर रचल्या.

हिरामण ताडकन उठून मोटारीपाशी आला.

"बघता काय? टोपलीला डाग दिसत न्हाय," असं म्हणून ती डायवरशेजारच्या जागेवर गोणपाट टाकून बसली. "चला डायवर, बाजार उठंल!"