इंजिनाची ठकठक आणि एक 'हं'

आमच्या हेडक्लार्कांनी त्या दिवशी फोन स्वतः उचलला आणि तिथून सगळं सुरू झालं. एरवी फोन कानाशी बोंबलत असला तरी तो शेजाऱ्यांचा असावा असं त्यांना वाटतं. पण त्यांची गाडी भर रस्त्यात बंद पडली होती, वर्कशॉपमध्ये इंजिन खोलून ठेवलं होतं आणि फोन होता वॉरंटी कंपनीचा. अशा वेळी पुरुषाने बोलावं, असं त्यांनी ठरवलं. (बायको पुढच्या खोलीत मुलांना गाणं शिकवत होती. ती मोकळी असती तर ही गोष्ट घडलीच नसती.)

"इंजिनातून आवाज कधीपासून येत होता, सर?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

याचं खरं उत्तर 'कसला आवाज?' हे होतं. पण एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही, हे कबूल करणं हेडक्लार्कांना अख्ख्या नोकरीत कधी जमलं नव्हतं.

"चांगला महिनाभर!" ते म्हणाले. "अहो, गाडीचा नुसता श्वास ओळखतो मी."

चार दिवसांत कंपनीचा नकार आला. बिघाड माहीत असूनही ग्राहकाने महिनाभर गाडी दामटली, सबब वाढीव वॉरंटी लागू नाही. इंजिनाचा खर्च ज्याचा त्याने करावा. श्वास ओळखणाऱ्या माणसाचा श्वास घशातच अडकला.

कारण हा खर्च करायचा तर विमानाची तिकिटं रद्द करावी लागणार होती. लेक परदेशात, तिचं पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले. गाणेबाईंची (बायकोला सगळी गल्ली गाणेबाईच म्हणते) बॅग भरून तयार होती. नकार ऐकल्यावर त्यांनी बॅगेतून बाळाची झबली बाहेर काढली, पुन्हा घड्या घातल्या आणि पुन्हा आत ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. हेडक्लार्कांना डोक्याशी चाललेला मिक्सर ऐकू येत नाही, पण ही शांतता मात्र बरोबर ऐकू आली. त्यांना फार वाईट वाटलं.

"मी उद्या जाऊन भांडतो," ते म्हणाले.

"मीही येते."

"ये, पण नुसती बस. बोलायचं मी बघतो."

"त्याचीच तर धास्ती आहे," बाई म्हणाल्या.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात काचेची एक केबिन होती. आत कंपनीचा ऑफिसर बसला होता. टेबलावर त्याचा मोबाइल सारखा थरथरत होता आणि तो तिकडे बघायचं टाळत होता. हेडक्लार्कांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी केली आणि भाषणच सुरू केलं. आपण गाडी कशी लेकरासारखी जपतो, तिच्या बारीकशा कुरकुरीनेही आपली झोप कशी उडते...

टेबलाखाली बाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"अगं, माझा पाय आहे तो!" हेडक्लार्क म्हणाले.

"म्हणजे आवाज तुम्ही ऐकला होता," ऑफिसर म्हणाला.

"ऐकला म्हणजे? स्पष्ट!"

"मग संपलंच, सर. आमच्याही हातात काही नाही."

खुर्च्या सरकवून उठायचंच बाकी होतं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "यांनी काही ऐकलेलं नाही. आवाज मी ऐकला. चढावर गाडी ठकठक करत होती."

बाई खरं बोलतात, हा त्यांचा जुनाच दोष.

"मग यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. दोनदा सांगितलं."

"त्यावर हे काय म्हणाले?"

"'हं' म्हणाले."

ऑफिसरने पेन खाली ठेवलं. मोबाइल पुन्हा थरथरला, तसं त्याने हळूच तिकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली.

"पेपर वाचता वाचता?" त्याने विचारलं.

"दोन्ही वेळा."

"मग ऐकलं नाही," तो ठामपणे म्हणाला. "त्या 'हं'चा अर्थ मला माहीत आहे, काकू. मी रोज म्हणतो."

"हा माझा अपमान आहे!" हेडक्लार्क कडाडले. "माझा कान तयार आहे. परीक्षा घ्या!"

परीक्षा झाली. फोरमनने तीन गाड्या ओळीने उभ्या केल्या. त्यांतल्या एकीच्या इंजिनात तशीच ठकठक होती आणि ती इतकी मोठी होती की कॅन्टीनमधली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. बाई मनातल्या मनात देवाचा धावा करत होत्या. (नवरा नापास व्हावा म्हणून.) हेडक्लार्कांनी डोळे मिटले, मान तिरकी केली, कानामागे हात धरला आणि बराच वेळ विचार करून बोट दाखवलं.

"ती शेवटची पांढरी. घरघर लागलीय तिला."

"सर," फोरमन अदबीने म्हणाला, "ती बंद आहे."

ऑफिसरने तिथल्या तिथे क्लेम मंजूर केला. 'ग्राहकास बिघाडाची कल्पना असणे शक्य नाही,' असा शेरा त्याने मारला. 'शक्य नाही'खाली रेघही ओढली. मग मोबाइल उचलून तो कोपऱ्यात गेला आणि म्हणाला, "हं, बोल. नाही गं, ऐकतोय, खरंच ऐकतोय."

पुढच्या आठवड्यात नवं इंजिन घालून गाडी हातात आली. घरी येताना हेडक्लार्कांना भरून आलं. तिकिटं वाचली होती, नातवंडाचं तोंड बघायला मिळणार होतं आणि हे सगळं कोणामुळे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"तू होतीस म्हणून," ते म्हणाले. "मी आयुष्यभर तुझं ऐकलं नाही. तरी तू सांगायची थांबली नाहीस. फार उपकार आहेत गं तुझे."

बाईंनी पदराने डोळे टिपले. पुढचा चौक गेला.

"आता इंजिन बघ," हेडक्लार्क खुशीत म्हणाले. "जरासा तरी आवाज येतोय? सांग. यापुढे तू म्हणशील ते मी ऐकणार."

"इंजिन छान आहे," बाई हळूच म्हणाल्या. "पण वर्कशॉपपासून तुमचा उजवा इंडिकेटर टिकटिकतोय, तेवढा बंद करता का?"

"हं," हेडक्लार्क म्हणाले.