निजसुऱ्यांचे पूर्वार्ध

सिनेमा चांगला निघाला की निजसुरे मध्यंतरात उठून घरी येतात.

वाईट असला तर शेवटपर्यंत बसतात. ठीक असला तर त्याहून जास्त बसतात, म्हणजे नावं वर सरकत सरकत प्रकाशयोजना साहाय्यकापर्यंत जाईस्तोवर. पण पूर्वार्धात एखादा प्रसंग खरोखर जमला, शेजारच्याचा हात वेफरच्या पुडीतच थांबला, की संपलं. दिवे लागताच निजसुरे छत्री उचलतात, डोअरकीपरकडे बघून मान हलवतात आणि सदाशिव पेठेचा रस्ता धरतात. टॉकीजचा मॅनेजर शुक्रवारी दुपारी एवढंच विचारायचा, "निजसुरे उठले का?" उठले असतील तर लगेच ‘आठवडा दुसरा’ची पट्टी रंगवायला टाकायचा.

टॉकीजचं नाव लिहीत नाही. नाव छापलं की मालकाचा वकील येतो, हा अनुभव मी दोनदा घेतलाय. मंडईकडून आमच्या पेठेत येताना डाव्या हाताला होती, एवढं पुरे.

मी मूळची यवतमाळची. शिकायला पुण्यात आले. शिक्षण संपलं, पण पुण्याला सुनवायचं बरंच बाकी होतं म्हणून राहिले. पत्रकं लिहिते. पाणी, फी, बस, फुटपाथ, जिथे अन्याय दिसेल तिथे. माझ्या पत्रकात एक तरी ‘जाहीर निषेध’ आणि तीन तरी उद्गारचिन्हं असतात आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहते. निजसुरे दुसऱ्या मजल्यावर, एकटे.

मॅटिनी संपवून सव्वातीनला ते जिना चढायचे. उकाड्यामुळे आमचं दार उघडंच असायचं. मी आत जमिनीवर बसून मजकूर लिहीत असायचे. निजसुरे दारात थांबून आधी मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि मग सुरू व्हायचे.

"ठीक. बघायला हरकत नाही. नायकाला तीन भाऊ आहेत, दोन पुरले असते. नायिका बँकेत नोकरीला, पण पावणेतीन तासांत एकदाही ‘उद्या या’ म्हणाली नाही, तेव्हा बँक कुठली ते कळलं नाही. खलनायक मात्र मन लावून काम करतो. गाणी पाच. दोन पंख्याच्या आवाजात गेली, त्याबद्दल तक्रार नाही. शेवटी पाऊस पाडलाय, आधी ढग दाखवायला हवे होते. आता त्या धाकट्या भावाचं असं आहे की..."

पुन्हा घड्याळ. "तीन मिनिटं झाली."

वाक्य तिथेच टाकून ते वर. धाकट्या भावाचं कसं आहे, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ही तीन मिनिटं त्यांच्या नोकरीतून आली होती. निजसुरे टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. माझ्या वयाच्या लोकांना सांगावं लागेल: पूर्वी परगावी फोन करायचा तर नंबर नोंदवून ताटकळत बसायचं. मग ऑपरेटर दोन गावं जोडून द्यायचा आणि तीन मिनिटं झाली की मध्येच येऊन तसं सांगायचा. आणखी बोलायचं असेल तर बोलणाऱ्यानं ‘वाढवा’ म्हणायचं. नाही म्हटलं तर लाईन तुटायची. निजसुऱ्यांनी जन्मभर लोकांची बोलणी अशी तीन-तीन मिनिटांत कापली होती. आता स्वतःचं कापत होते.

मी कधी ‘वाढवा’ म्हटलं नाही. खरं सांगायचं तर सुटले असंच वाटायचं.

"येतो, नागपूर," असं म्हणून ते जायचे.

"मी यवतमाळची आहे, काका!"

"लाईन नागपूरवरूनच जाते."

माझं बोलणं ऐकून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आपण तिकडच्या का?" तेव्हापासून मी नागपूर. यवतमाळ जिल्ह्यावरच्या या अन्यायाबद्दल मी दोनदा निषेध नोंदवला. पुण्यातला माणूस निषेध ऐकून घेतो, त्यावर पुढे काही करत नाही.

पण माझा खरा राग त्या ‘ठीक’वर होता. हिंजवडीत उसाच्या जागी काच उगवत होती. माझी रूममेट कॉल सेंटरमध्ये स्वतःचं नाव बदलून बोलत होती. आणि हा माणूस रोज दुपारी सुमार सिनेमा बघून ‘हरकत नाही’ म्हणत होता! हरकत नाही म्हणणाऱ्यांनीच देश बुडवला, असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

"तुम्ही चांगले सिनेमे का बघत नाही?" एकदा मी थेट विचारलं.

"बघतो की. अर्धे."

"आणि उरलेले अर्धे?"

"शिल्लक आहेत. माझ्याकडे पूर्वार्ध पुष्कळ आहेत. एक बाई गेली चौदा वर्षं कोर्टाच्या पायरीवर उभी आहे. आत गेली की परत फिरली, माहीत नाही." मग म्हणाले, "गेली असेल. ठाम होती. साधारण आपल्यासारखी."

हा विक्षिप्तपणा आहे, असं माझं निदान झालं. मी ‘तटस्थांनो, बाजू घ्या!!!’ नावाचं पत्रक काढलं. त्यात ‘प्रत्येक लढ्याच्या मध्यंतरात उठून जाणारे’ असा शब्दप्रयोग होता आणि तो कोणाबद्दल आहे हे अख्ख्या इमारतीला कळत होतं. एक प्रत निजसुऱ्यांच्या दाराखालून सरकवली. दुसऱ्या दिवशी सव्वातीनला ती परत आली.

"ठीक. वाचायला हरकत नाही. दुसऱ्या पानावर ‘षड्‌यंत्र’ दोनदा आलंय, एक पुरलं असतं."

मग बातमी आली. टॉकीज पाडणार. तिथे मॉल होणार, मॉलमध्ये चार पडदे, वर कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीची ऑफिसं. मी त्याच संध्याकाळी कृती समिती स्थापन केली आणि पहिल्या सहीसाठी दुसऱ्या मजल्यावर गेले. टॉकीज गेली तर सगळ्यात आधी कोण मरणार, हे मला दिसत होतं. दुपारी बारा ते तीन या माणसाला जायला दुसरी जागा नव्हती. आणि तीननंतर बोलायला दुसरा विषयही नव्हता.

निजसुऱ्यांनी निवेदन चष्मा लावून वाचलं.

"‘पुण्याचे सांस्कृतिक वैभव’ हे काढा."

"का?"

"पडद्याला डावीकडे ठिगळ आहे. मधल्या रांगेत ढेकूण आहेत. वैभव कुठलं? ‘एक ठीक टॉकीज वाचवा’ असं लिहा, आत्ता सही करतो."

"अहो काका, ठीक गोष्टीसाठी रस्त्यावर कोण येणार?"

"कोणी नाही," निजसुरे म्हणाले. "म्हणून तर त्या जातात."

मी चिडून कागद ओढून घेतला. सहीशिवाय खाली आले.

समितीत आम्ही सहा जण होतो. मोर्चाला सात आलो, त्यातला सातवा रस्ता विचारायला थांबला होता. पुणेकर जाता जाता ‘फार वाईट झालं हो’ म्हणाले आणि स्कूटरला किक मारून गेले. मालकानं शेवटच्या मॅटिनीची तारीख दारावर लावली.

त्या दिवशी मी निजसुऱ्यांच्या शेजारी बसले. शेवटचा खेळ, अर्धं थिएटर रिकामं. आणि दुर्दैव असं की सिनेमा चांगला निघाला. उगाच म्हणत नाही. एक म्हातारा बाप मुलाच्या नव्या घरात पाहुण्यासारखा पाय जवळ घेऊन बसतो, एवढाच प्रसंग होता. पण मी, अश्रुधुराशिवाय न रडणारी, ओढणी शोधायला लागले. निजसुऱ्यांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर होते.

मध्यंतर झालं. ते उठले.

मी त्यांच्या मागे धावले. बाहेर व्हरांड्यात वड्यांचा काउंटर आधीच बंद होता. "आज तरी बसा!" मी अक्षरशः ओरडले. "हा शेवटचा खेळ आहे! उद्या इथे कुदळ पडणार आहे! आजसुद्धा निम्म्यातून उठून जाणार? लाज नाही वाटत?"

डोअरकीपर दुसरीकडे बघायला लागला. निजसुऱ्यांनी घड्याळ पाहिलं.

"नागपूरच्या ट्रंक बोर्डावर एक ऑपरेटर बाई होत्या," ते म्हणाले. "नाव माहीत नाही. आम्ही ऑपरेटर एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारायचो. दुपारी काम कमी असायचं. लाईन तपासायला म्हणून त्या यायच्या. ‘काय पुणे, काय पाहून राहिले?’ मग मी पाहिलेला सिनेमा मी सांगायचा, त्यांनी पाहिलेला त्यांनी. एकदा मी एक फार चांगला सांगायला लागलो, तर म्हणाल्या, ‘थांबा. चांगला आहे ना? मग नका सांगू. चांगले शिल्लक ठेवू. कधी भेटलो तर सोबत पाहू.’ मी म्हटलं, आत बसल्याशिवाय चांगला की ठीक ते कळणार कसं? त्या म्हणाल्या, ‘मध्यंतरापर्यंत चालते.’"

आतून दुसऱ्या भागाचं संगीत सुरू झालं. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"मग लोक घरूनच थेट नंबर फिरवायला लागले. बोर्ड बंद करायचं ठरलं. शेवटच्या दिवशी मी नाव विचारायचं ठरवलं. लाईन घेतली, विचारलंही. त्यावर त्या म्हणाल्या..."

घड्याळ. "तीन मिनिटं झाली."

आणि छत्री टेकत ते पायऱ्या उतरून गेले. मोर्चात पोलिसांच्या गाडीपुढे आडवी पडणारी मी, मला ‘थांबा’ एवढा शब्द उच्चारता आला नाही. मीही परत आत गेले नाही. तेव्हापासून माझ्याकडेही एक पूर्वार्ध आहे.

टॉकीजभोवती पत्रे लागले. निजसुरे तरीही बाराला छत्री घेऊन निघायचे आणि सव्वातीनला परतायचे. फरक एवढाच, की आमच्या दारात थांबायचे नाहीत.

"काका, आज काय?" एकदा मीच बाहेर येऊन विचारलं.

"काही नाही. स्वारगेटला बाकावर बसलो होतो."

"मग, कसं होतं?"

त्यांनी बराच विचार केला. "गाड्या लागतात. सुटतात." आणि घड्याळ न बघताच वर गेले. पुरतं अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी जे केलं ते समितीला अजून ठाऊक नाही, इथूनच कळेल. मी दुसऱ्या एका मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये गेले. मल्टिप्लेक्सवर बहिष्कार हा माझ्याच पत्रकातला चौथा मुद्दा होता, ठळक अक्षरात. खुर्ची मऊ होती, ढेकूण नव्हते, थंडीनं दात वाजत होते आणि सिनेमा, सुदैवानं, अगदी यथातथा होता. मी नावं संपेपर्यंत बसले. सफाईवाला माझ्या पायांभोवती झाडून गेला.

सव्वातीनला दुसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. निजसुरे दारात आले, हातात छत्री तशीच.

"पुणे," मी म्हटलं, "ठीक होता. पाहायला हरकत नाही. हिरो आर्किटेक्ट आहे, पण पूर्ण सिनेमात एक रेघ ओढत नाही. हिरोईनची मैत्रीण चांगली आहे, तिलाच हिरोईन करायला पाहिजे होतं. कुत्रा छान काम करून राहिला. भांडण विमानतळावर मिटते, ते बसस्टँडवर मिटलं असतं तरी चाललं असतं. आणि तो मामा जो आहे ना..."

निजसुऱ्यांचा हात सवयीनं वर आला. "तीन मिनिटं झाली."

"त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

निजसुऱ्यांनी वर आलेला हात खाली घेतला.

"म्हणाल्या, ‘तीन मिनिटं झाली, पुणे.’ मागे सुपरवायझर उभा असणार. आवाजावरून कळतं."

"मग ‘वाढवा’ म्हणायचं होतं!"

"ऑपरेटरला वाढवता येत नाही हो," ते शांतपणे म्हणाले. "ते बोलणाऱ्यानं म्हणायचं असतं. आम्ही नुसतं जोडून द्यायचो."

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

"मग मी बोलणारी आहे. वाढवा."

निजसुऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ शर्टाच्या बाहीखाली सरकवलं. छत्री दाराच्या कोपऱ्यात उभी केली. मग वरच्या पायरीवर बसत म्हणाले,

"बोला, नागपूर. मामाचं काय झालं?"

मी यवतमाळची आहे, हे त्या दिवशी सांगितलं नाही.