हिराजीशेठची काळी कार्डं

हिराजीशेठच्या घरी सोफ्यावर बसणं हे कसरतीचं काम होतं. सोफा घेऊन वर्षं लोटली होती, पण दुकानातून आलेलं प्लास्टिक त्याच्यावर तसंच होतं. बसलेला माणूस हळूहळू पुढे घसरायचा आणि बोलता बोलता टीपॉयला गुडघे टेकायचा. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, फ्रिजच्या दाराला कंपनीचं वेष्टन, गाडीच्या सीटांना कव्हरवर कव्हर. "माल उघडला का त्याची लेवल जाते, मास्तर," शेठ म्हणायचे. भिवंडीजवळ राहनाळला त्यांची गोदामं होती. बंद खोक्यांच्या सहवासात राहून त्यांचं हे मत पक्कं झालं असावं.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. भिवंडीत शाळेत शिकवायचो, म्हणून त्यांच्याकडे आलेला इंग्रजीतला प्रत्येक कागद आधी माझ्या हातात यायचा. शेठच्या वडिलांनी ज्या जमिनीत भात लावला, तिथे आता गोदामं उभी होती, आणि भाड्याबरोबर घरात 'लेवल' आली होती. चपलेला लेवल, चहाच्या कपाला लेवल. शेजाऱ्यांचा कुत्रा गावठी असल्यामुळे गल्लीची लेवल जाते, अशी तक्रार ते त्या कुत्र्यासमोरच करायचे.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं, त्याच सुमारास गोदाम भाड्यानं घेतलेल्या मुंबईच्या एका साहेबांचं कार्ड आलं. काळंभोर, वर चंदेरी इंग्रजी अक्षरं. शेठनी ते माझ्यापुढे धरलं.

"मुलाच्या लग्नाची तारीख कळवलीय," मी म्हणालो. "ह्याला 'सेव्ह द डेट' म्हणतात. तारीख मोकळी ठेवा, निमंत्रण मागून येईल."

"म्हंजे ह्यात या म्हनून लिवलेला न्हाय?"

"नाही."

"बोलावला न्हाय, पन कलवलाय." शेठनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, आपल्याला हाच पायजे."

दुसऱ्या दिवशी शेठ, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, पल्लवी आणि मी बाजारातल्या पत्रिकांच्या दुकानात. दुकानदार इक्बालभाईंनी हौसेनं माल मांडला. उघडताच सनई वाजणारी पत्रिका, अत्तराचा वास येणारी पत्रिका.

"शेठ, ये पालखीवाला देखो. खोलते ही दूल्हा-दुल्हन खड़े हो जाते हैं."

शेठनी दूल्हा-दुल्हन मिटवून ठेवले. "काला दिखाव."

"अवो, शुभकार्याला काला?" वहिनींचा आवाज चिरकला.

"मुंबईला चालते. लेवल हाय."

पल्लवीनं फिकट गुलाबी कागदावरचा मोर पुढे केला. "बाबा, हे किती स्टायलिश आहे बघा ना."

शेठनी मोराकडे संशयानं पाहिलं. "नाचतोय. म्हंजे बोलावतोच हाय."

"तो ऊपर गणपती डाल देता हूँ," इक्बालभाई म्हणाले.

"नको! गनपती आला का ती पत्रिका जाली. पत्रिका आली का बोलावना जाला. मना बोलावना नको, निस्ती तारीख पायजे."

"अच्छा, नीचे 'आपकी उपस्थिति प्रार्थनीय'..."

"उपस्थिती काट!" शेठ एवढ्या जोरात ओरडले की बाजूच्या बांगड्यांच्या दुकानातल्या बायका डोकावून गेल्या.

शेवटी काळंच कार्ड ठरलं. परतताना गाडीत वहिनी हळूच म्हणाल्या, "टेमघरच्या बायना एक धाडायचा का?"

टेमघरची बाय म्हणजे शेठची थोरली बहीण, जनाबाय. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच शेठना कडेवर घेऊन वाढवलं. पुढे गोदामांच्या जमिनीत तिनं आपला हिस्सा मागितला, शेठ तिला नको ते बोलले आणि तेव्हापासून भाऊबीजसुद्धा बंद झाली होती. शेठनी गाडीची काच वर केली. "तिचा नाव न्हाय काढायचा."

कार्डं गावात गेली आणि एकच गोंधळ उडाला. काळा कागद, गणपती नाही, 'श्री' नाही, सगळा मजकूर इंग्रजी आणि ठळक काय, तर तारीख. जमिनीचा दावा नसलेलं घर गावात नव्हतंच. शेठच्या एका चुलत्यांनी ती कोर्टाची तारीख समजून थेट वकील गाठला. दुसऱ्यांच्या नातवानं 'सेव्ह म्हंजे वाचवा' असा अर्थ सांगितल्यामुळे ते "कोनाला वाचवायचाय?" म्हणत काठी घेऊनच आले. तिसरे पांढरा सदरा घालून, चेहरा पाडून सोफ्यावर बसले आणि घसरता घसरता मला म्हणाले, "कवा जाला?" तेवढ्यात आतून शेठच बाहेर आले. पाहुणा टीपॉयखालीच जायचा, मी धरला म्हणून राहिला.

त्याच संध्याकाळी फाटकाशी रिक्षा थांबली आणि माणसाआधी हंबरडा आत आला.

"अरं माज्या हिरू रं! मना सोरून कसा गेलास रं!"

जनाबाय अनवाणी धावत आली. केस सुटलेले, हातात काळं कार्ड. ओटीवर शेठ उभे. ती थबकली. त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग त्या कार्डानंच त्यांच्या दंडावर सपासप मारायला लागली.

"जिता हायस? मंग तुज्या नावाचा ह्यो काला कागूद कशाचा?"

"पल्लवीच्या लग्नाची तारीख हाय, बाय," वहिनी घाईनं म्हणाल्या. मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. त्या शेठकडे वळल्या. "पन बायना हा दिला कोनी? आपुन तर धाडला नव्हता."

शेठ आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते.

"मीच सारला. दाराखालून."

"तू आल्तास?" जनाबायचा हात थांबला. "माज्या दाराशी?"

"आमंत्रन नव्हता ते," शेठ पुटपुटले. "निस्ती तारीख. मी बोलावला आन तू आली न्हाईस, तर? म्हनून निस्ता कलवला. मंग तुजी मर्जी."

"दारापरयंत आलास, आन पानी प्याला आत न्हाय आलास?"

गळ्यात बोटाएवढी जाड साखळी घातलेला तो धिप्पाड माणूस शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा होता.

"आता बोलाव," जनाबाय म्हणाली. "तोंडानं बोलाव."

शेठचा घसा खाकरून झाला, भिंतीकडे बघून झालं.

"ये," ते अखेर म्हणाले. "लग्नाला ये, बाय. न्हाय... आताच ऱ्हा. पल्लवीला पयली हलद तूच लाव."

जनाबायनं पदरानं तोंड पुसलं. "हलद दललीस का गो?" असं वहिनींना दरडावून विचारत ती घरात शिरली. आतून पल्लवीची "आत्या!" अशी किंकाळी ऐकू आली.

शेठ ओटीवरच उभे होते, दाराकडे पाठ करून. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मास्तर, त्या रिक्षावाल्याला जाऊ द्या."