चारुदत्तचं न पडणारं ॲप

"आपलं ॲप पडत नाही. लिहून घे!" पोह्यांवर लिंबू पिळता पिळता चारुदत्तने साधनाला सांगितलं. तिने काही लिहून घेतलं नाही, पण त्याचा आवाज असा चढला होता की शेजारच्या फ्लॅटमधल्या मार्गारेटने नक्की घेतलं असेल.

उत्साहाला कारणही तसंच होतं. दुपारी चार वाजता बर दुबईच्या ऑफिसात इद्रीसभाई येणार होते. त्यांच्या अकरा लॉन्ड्र्या, आणि घरबसल्या कपडे धुवायला द्यायचं त्यांचं ॲप चारुदत्तने पाच महिने घाम गाळून बनवलेलं. त्यांनी मान डोलावली की चारुदत्त टीम लीड! नाही डोलावली, तर काम दुसऱ्या कंपनीकडे आणि चारुदत्त होता तिथेच. सासुरवाडीला मात्र त्याने प्रमोशन झाल्याचं आधीच कळवून टाकलं होतं.

साधनाने सहज म्हणून दोन चादरींची ऑर्डर टाकायला घेतली. तिने 'पुढे' दाबलं, नवा स्क्रीन उजवीकडून सरकत यायला लागला आणि ॲप गायब! चारुदत्तने तिच्या हातातून फोन ओढून तेच बटण दाबलं. सगळं सुरळीत. तिने दाबलं, गायब. त्याने दाबलं, सुरळीत. असं सहा वेळा झाल्यावर त्याने निकाल दिला की फोनच बिघडलाय, नको ते काय काय भरून ठेवलंयस. साधना नको नको म्हणेपर्यंत त्याने तिच्या फोनमधली गुड मॉर्निंगची तेराशे चित्रं उडवली, आणि त्यांच्याबरोबर तिच्या मावशीचा अळूवडीचा व्हिडिओही उडाला. एवढं करून ॲप पुन्हा पडलं ते पडलंच.

मग तो शेजारी धावला. वसईची मार्गारेट ड्यूटीवर निघाली होती, पण बिचारीने दारातच फोनवर ॲप घेऊन बटण दाबलं. तिथेही तेच! आता दोष फोनचा म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून तो त्याने बिल्डिंगच्या वायफायवर ढकलला. त्याच्या स्वतःच्या फोनवर ॲप लोण्यासारखं चालत होतं. डेमो आपल्याच फोनवर द्यायचा, की झालं काम! ऑफिसला जाताना अल नहदाचा ट्रॅफिकसुद्धा त्या दिवशी त्याला गोड वाटला.

इद्रीसभाई बरोबर चारला आले, कॉफी घेतली आणि चारुदत्तने पुढे केलेला फोन हाताने बाजूला सारला.

"हबीबी, तुम्हारे फोन पे तो चलेगा ही. मेरे फोन पे दिखाओ."

त्यांनी धुवायला पाच कंदुरे, म्हणजे पायघोळ अरबी झगे, निवडले, 'पुढे'वर बोट आपटलं आणि ॲप गायब! आपल्या गठ्ठ्यात दुसऱ्याचाच मोजा निघावा तसं त्यांनी फोनकडे पाहिलं. नमाज पढून, चहा घेऊन मी अर्ध्या तासात येतो, असं सांगून, फोन टेबलावरच ठेवून ते उठले. दाराशी थांबून त्यांनी शारजातल्या दुसऱ्या एका कंपनीचं नावही सहज घेतलं.

चारुदत्तने घरी फोन लावला.

"साधना, तू ते बटण नेमकं कसं दाबतेस?"

"कसं म्हणजे? बोटाने."

"किती वेळा?"

"पुढचा स्क्रीन येईपर्यंत. अरे, आपल्या लिफ्टचं बटण एकदा दाबून लिफ्ट आलीय का कधी?"

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सतरावा मजला, दोन लिफ्ट, त्यातली एक कायम बंद! सगळ्या बिल्डिंगचं बोटच तसं वळलेलं, आणि इद्रीसभाईंचं बोट तर जन्मजात घाईचं. स्क्रीन सरकत येतो त्या अर्ध्या सेकंदात जुनं बटण जागंच असतं. दुसऱ्यांदा दाबलं की ॲप तोच स्क्रीन पुन्हा उघडायला जातं आणि कोसळतं. त्याने धडाधड आपल्या फोनवर दाबून पाहिलं. दोनदा, पाचदा, दहादा दाबलं, तरी ॲप पडायचं नाव घेईना. पुन्हा अंधार.

शेजारच्या टेबलावरून मुनिबा हे सगळं बघत होती. तिने शांतपणे विचारलं, "चारूभाई, आपके फोन में स्क्रीन सरकती क्यों नहीं?"

खरंच सरकत नव्हता. टपकन बदलत होता. आणि चारुदत्तला आठवलं. दोन वर्षांपूर्वी, वेळ वाचावा म्हणून, त्याने स्वतःच्या फोनमधलं सरकण्याचं ॲनिमेशन बंद करून टाकलं होतं. वर्षाला चार दिवस वाचतात, असा हिशेब मांडून त्याने तो अख्ख्या ऑफिसला ऐकवलाही होता. ज्या अर्ध्या सेकंदात सगळ्या जगाचं ॲप पडत होतं, तो अर्धा सेकंद त्याच्या फोनमध्ये नव्हताच!

एकदा दाबलं की बटण बंद. दुरुस्ती फक्त एका ओळीची होती. त्याने ती लिहिली, मुनिबाने नवं ॲप इद्रीसभाईंच्या फोनवर चढवलं, तोवर ते आलेच. त्यांनी सात वेळा बोट आपटलं. स्क्रीन ऐटीत सरकत आला आणि जागेवर उभा राहिला. चारुदत्तला नाचावंसं वाटलं.

"खलास, पास!" इद्रीसभाई खूश झाले. "किसने पकड़ा?"

'मी' हा शब्द चारुदत्तच्या ओठांवर आला होता. पण मुनिबा बघत होती.

"मेरी मिसेस ने."

इद्रीसभाईंनी तिथल्या तिथे करारात एक ओळ वाढवून घेतली. यापुढे ॲपचं प्रत्येक अपडेट आधी मॅडमच्या हातून जाईल, मॅडम हो म्हणतील तरच पुढे.

टीम लीड चारुदत्त संध्याकाळी घरी आला, तोंडभरून अभिनंदन ऐकलं आणि मग चाचरत नवी ओळ वाचून दाखवली. साधनाने ती दोनदा वाचायला लावली.

"देईन की मंजुरी," ती म्हणाली. "आधी मावशीची अळूवडी परत आण."

ॲपचं पुढचं अपडेट तीन आठवडे झाले तरी तयार होऊन पडून आहे. टीम लीड सध्या रोज सांगलीला फोन लावून मावशीला अळूवडीचा व्हिडिओ कसा काढायचा ते शिकवतोय, आणि मावशी रेकॉर्डिंग चालू-बंद करायचं बटण दरवेळी दोनदा दाबतात.