दोन इन्स्पेक्टरांचा अबोला

जावा बेटावरच्या वोनोसोबो गावच्या सुलास्त्रीबाईंच्या पत्राला, सगळे ज्यांना आदराने 'पाक' म्हणत त्या दिर्जोंनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. आळस हे त्याचं कारण नव्हतं. बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं, आणि पंचाईत अशी, की जगात ते कुणाला ठाऊक असायला हवं होतं तर ते फक्त त्यांनाच.

बाई निवृत्त शिक्षिका होत्या. आखीव कागदावर, समास सोडून, त्यांनी लिहिलं होतं : "आपल्या मालिकेतले दोघे इन्स्पेक्टर पहिल्या भागापासून एका ताटात जेवणारे. एकसष्टाव्या भागापासून ते एकमेकांशी बोलत नाहीत. माझाच एखादा भाग पाहायचा राहिला की काय म्हणून मी शेजारीपाजारी चौकशी केली. कुणालाच माहीत नाही. आपण लेखक आहात. भांडणाचं कारण कृपया कळवावं."

दिर्जोंनी ते पत्र शब्दकोशात ठेवलं होतं. शब्दकोश दिवसातून दहा वेळा उघडायचा, म्हणजे पत्रही दहा वेळा दिसायचं, आणि दहाही वेळा त्यांना वर्गात उभं केल्यासारखं वाटायचं.

खरी गोष्ट अशी होती, की भांडण इन्स्पेक्टरांचं नव्हतंच. ते काम करणाऱ्या दोन नटांचं होतं. मोठ्या इन्स्पेक्टरचं काम करणारे हेंदार्तो अदबीसाठी नावाजलेल्या सोलो शहरचे. जुने रंगभूमीवरचे, मऊ आवाजाचे, वयाने युनिटमध्ये सगळ्यांत वडील. धाकट्याचं काम करणारा टोगार हा सुमात्रातल्या तोबा सरोवराकडचा, बाताक जमातीचा. तो कानात सांगितलेली गोष्टही रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी सांगायचा. वर्षभर दोघांचं गूळपीठ होतं. मग एका सोमवारी ते अचानक बिनसलं. कशावरून, ते कुणालाच कळलं नाही. कारण हेंदार्तो रागावले की आवाज चढवत नसत, ते अदबीने बोलायला लागत. जो माणूस वर्षभर "अरे गाढवा, सरक तिकडे" म्हणत होता, तो त्या सोमवारी म्हणाला, "टोगारसाहेब, आपली हरकत नसेल तर आपण जरा डावीकडे सरकावं." ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. टोगारला शिव्या चालल्या असत्या. मारामारी तर आवडलीच असती. पण या अदबीवर काय बोलायचं हे त्याला त्याच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं. तो गप्प झाला. टोगारला गप्प बसलेलं तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

दिर्जो हे सगळं ऐकून होते. चित्रीकरणाच्या जागी ते कधी जात नसत. तीस वर्षं एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढलेला माणूस. गर्दीत गेलं की हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नसे. घरून पानं लिहून पाठवायची आणि आपल्याला लिहिता येत नाही हे बिंग आज तरी फुटणार म्हणून फोनची वाट पाहायची, हा त्यांचा दिनक्रम. त्यामुळे अबोल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी विचारपूस वगैरे केली नाही. त्यांनी फक्त लिहिण्याची पद्धत बदलली.

आता दोघे इन्स्पेक्टर फोनवर बोलत, म्हणजे दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या ठिकाणी. एक छपरावर असला की दुसरा गटारात. फायलींवर चिठ्ठ्या डकवून तपास पुढे जाई. तीन भाग मोठ्याचा घसा बसला होता, तर पुढचे चार भाग धाकटा मुका कोळी बनून बंदरात हिंडत होता. चौऱ्याहत्तराव्या भागात दोघांनी एकाच संशयिताला आळीपाळीने प्रश्न विचारले, पण एकमेकांकडे पाहिलं नाही. शेवटी त्या संशयितालाच इतकं अवघडल्यासारखं झालं, की त्याने गुन्हा कबूल केला.

प्रेक्षक वाढले. एका वर्तमानपत्राने 'मौनाची ताकद' वगैरे लिहिलं. ते वाचून दिर्जोंना दोन दिवस जेवण गेलं नाही.

पण मौन तरी किती दिवस पाहणार? चौथ्या महिन्यात लोक कंटाळले, आणि निर्मात्या ची मेइलान ('ची' म्हणजे ताई) यांनी दिर्जोंना ऑफिसात बोलावलं. बाई मोजकं बोलत.

"पाक, शुक्रवारच्या भागात ते दोघं बोलतील. नाही बोलले तर दोघांतला एक मरेल. कोण, ते तुम्ही ठरवा."

"मी?"

"लेखक कोण आहे?"

हा प्रश्न दिर्जोंना स्वतःलाही बरेचदा पडत असे.

घरी येऊन त्यांनी आधी मोठ्याला मारून पाहिलं. हेंदार्तोंचं वय, त्यांची जुनी चप्पल, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि पान ओलं झालं. मग धाकट्याला मारलं. टोगारच्या घरी तीन मुली होत्या. ते पानही फाडलं. एवढ्या भागांत दिर्जोंनी पडद्यावर एकही माणूस मारला नव्हता. त्यांच्या मालिकेत प्रेतं यायची ती आधीच मेलेली. अखेरीस त्यांनी समेटाचा प्रसंग लिहिला. गुन्हेगार दोघा इन्स्पेक्टरांना बंदरावरच्या बर्फाच्या कोठारात कोंडतात, आणि आत दोघांचं मन मोकळं होतं. आठ पानं भरली. पाठवून दिली.

तासाभरात तीन निरोप आले. हेंदार्तोंचा असा : पान चारवर मी त्याला माफ करतो असं आहे, कशाबद्दल ते लिहिलेलं नाही, नटाला कारण लागतं. टोगारचा असा : पान पाचवर मी माफी मागतो, मी काय केलंय ते ज्याने लिहिलं त्याने येऊन तोंडावर सांगावं. आणि दिग्दर्शकाचा तिसरा : पाक, उद्या दहाला या.

त्यांना जावं लागलं.

कोठार बंद पडलेलं होतं. गारवा नव्हता, पण वीस वर्षांच्या बांगडा माशांचा वास अजून मुक्कामाला होता. दिग्दर्शकाने तिघांना आत तीन खोक्यांवर बसवलं, दोघा नटांच्या सदऱ्यांना माइक लावलेलेच होते, आणि शांतपणे वाचन व्हावं म्हणून ते जाड दार बाहेरून ओढून घेतलं. कडी पडली. पाच मिनिटांनी ती उघडायला गेलेल्या माणसाच्या हातात मूठच आली. बाहेर धावपळ सुरू झाली. कुणीतरी ओरडून सांगितलं, की होड्या बांधतात तिथून लोहार आणायला माणूस गेलाय, तोवर बसून राहा.

ते बसून राहिले. दिर्जोंनी आपल्या आठ पानांनी वारा घ्यायला सुरुवात केली. त्या पानांचा तेवढाच उपयोग दिसत होता.

"पाक," हेंदार्तो म्हणाले, "टोगारसाहेबांना विचारावं, त्यांना उकडत असेल तर माझा हातपंखा त्यांनी घ्यावा."

टोगार दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला होता. तो म्हणाला, "पाक, त्यांना सांगा, पंखा नको. त्यांना म्हणावं, काही द्यायचंच असेल तर पूर्वीसारखी एक शिवी द्या. चार महिने झाले, कान तरसलेत."

दिर्जोंनी निरोप पोचवला नाही. कारण टोगारचा आवाज कोठाराच्या चारही भिंतींवरून पोचलेला होता. हेंदार्तोंनी मान फिरवली, पण त्यांचा पंखा थांबला.

आणि मग दिर्जोंना एक गोष्ट सुचली. त्यांच्या इन्स्पेक्टरांनी एवढे तपास केले होते, ते सगळे तपास दिर्जोंनीच तर टेबलाशी बसून केले होते. त्यातला पहिला प्रश्न नेहमी एकच असे. तो त्यांनी भीत भीत विचारला.

"तुम्ही एकमेकांशी शेवटचं नीट कधी बोललात?"

हेंदार्तोंनी पंख्याची घडी घातली. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "मालिकेचे साठ भाग झाले, तेव्हा. तुम्पेंगच्या दिवशी. कापायच्या आधी."

"कापायच्या आधी," टोगार म्हणाला. "बरोबर. नंतर साहेब-साहेब सुरू झालं."

 तुम्पेंगचा, म्हणजे पिवळ्या भाताचा, तो उंच डोंगर दिर्जोंना आठवला, भोवती मांडलेली कोंबडी, अंडी, भाज्या. आणि सुरी. सुरी त्यांच्याच हातात होती. लेखक म्हणून ची मेइलाननी कापायचा मान त्यांना दिला होता. कापणाऱ्याने भाताचा शेंडा कापायचा आणि तिथे ज्याला तो सगळ्यांत थोर मानतो त्याच्या हाती द्यायचा. कुणाला द्यायचा यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. हेंदार्तो गळ्यापर्यंत गुंड्या लावून समोर उभे होते. पण साठ माणसं बघत होती, आणि साठ माणसं बघत असताना दिर्जो मान वर करत नसत. त्यांना एक पुढे आलेला हात दिसला. त्यांनी शेंडा त्या हातावर ठेवला आणि घाम पुसला.

"मला मान नको होता," हेंदार्तो म्हणाले. त्यांचा आवाज आणखी मऊ झाला होता. "पण यानं हात पुढं करून घेतला. घेतला तर घेतला, खाल्ला. माझ्याकडे बघत खाल्ला."

"हात पुढं केला?" टोगार खोक्यावरून उठलाच. "परात कलंडत होती. कोंबडीची तंगडी खाली येणार होती, म्हणून मी आधार द्यायला हात लावला. तेवढ्यात पाकनी त्यावर शेंडा ठेवला. आमच्याकडे वडील माणसानं हातावर ठेवलेला घास परत करत नाहीत. खाल्ला. आणि तुमच्याकडे बघत होतो ते तुम्ही शाबास म्हणाल म्हणून."

 बाहेर लोहार आला असावा, दारावर ठोकाठोक सुरू झाली. दिर्जोंना वाटलं, आता गप्प बसलं तरी चालेल. दोघांचं आपसांत मिटेल. आपलं नाव कुणी घेणार नाही. अशा वेळी त्यांच्या मालिकेतले गुन्हेगार काय करतात? पुरावा समोर येईपर्यंत थांबतात. इथे पुरावा म्हणून फक्त ते स्वतःच होते.

"दोष माझा," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" दोघांनी एकदम विचारलं. ठोकाठोकीत काही ऐकू आलं नव्हतं. इतकं अवघड वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागेल याची दिर्जोंनी तयारी केली नव्हती.

"दोष माझा. मी हात पाहिला. कुणाचा, ते पाहिलं नाही."

 मग हेंदार्तो टोगारकडे वळले. "अरे गाढवा, मग त्याच दिवशी का नाही बोललास?"

टोगारचे डोळे भरून आले. "तुम्ही बोलू दिलंत कुठं? म्हातारा नुसता आपण-आपण करत सुटलेला."

"म्हातारा कुणाला म्हणतोस?"

"तुम्हालाच."

आणि मग दोघे मिळून दिर्जोंवर घसरले. चार महिने तुमच्यामुळे मी गटारात उभा होतो, टोगार म्हणाला. माझा धडधाकट घसा तीन भाग बसवलात, हेंदार्तो म्हणाले. दार उघडलं तेव्हा दोघे खांद्याला खांदा लावून उभे होते आणि मध्ये दिर्जो आठ पानं छातीशी धरून बसले होते.

दारात दिग्दर्शक कानाला यंत्र लावून उभा होता. सदऱ्यांवरच्या माइकमधून त्याने शब्दन् शब्द ऐकला होता. त्याने ची मेइलानना फोन केला. त्या म्हणाल्या, ती आठ पानं टाका आणि हेच घ्या, पोलीस ठाण्यातल्या तुम्पेंगचं करून. फक्त तो कापणारा म्हातारा कारकून कोण करणार ते बघा.

"पाक," दोघे नट एका सुरात म्हणाले.

दिर्जोंच्या 'दोष माझा' या एका वाक्याचे अकरा टेक झाले. अकराही टेकमध्ये ते कुणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं, आणि इन्स्पेक्टरांचं "काय म्हणालात?" इतकं खरं उतरलं, की युनिटने टाळ्या वाजवल्या.

काम संपल्यावर दिर्जोंनी तिथेच खोक्यावर बसून सुलास्त्रीबाईंना पत्र लिहिलं. शुक्रवारी बाईंना कळणारच होतं. पण त्यांनी पत्राने विचारलं होतं, तेव्हा पत्रानेच सांगायला हवं. तीन कागद फुकट गेले. चौथ्यावर चूक कुणाची ते सरळ लिहिलं आणि उशिराबद्दल क्षमा मागितली.

हा माणूस पत्र टाकणार नाही, पुन्हा शब्दकोशात ठेवील, अशी दोघा नटांची खात्री होती. म्हणून ते त्यांना मध्ये घालून नाक्यावरच्या नारिंगी टपालपेटीपर्यंत घेऊन गेले. वाटेत दोघांचं शिव्या देऊन सुखाने चाललं होतं. पेटीपाशी टोगारला कल्पना सुचली, की खाली दोघांच्या सह्या असाव्यात, बाईंना बरं वाटेल. हेंदार्तोंना ती पसंत पडली. त्यांनी पेन काढलं, कागदाकडे पाहिलं, आणि थांबले. सह्यांसाठी खाली दोन ओळींची जागा होती, एकीखाली एक, म्हणजे वरचा मान एकालाच.

हेंदार्तोंनी पेन पुढे केलं. "टोगारसाहेब," ते म्हणाले, "आधी आपण करावी."

टोगारचा चेहरा उतरला.

दिर्जोंनी कागद ओढून घेतला, पाकिटात घातला, जीभ फिरवून ते बंद केलं, आणि कुणाकडेही न बघता पेटीत टाकून दिलं.