अक्कांची खांदमळणी

पोळ्याचा आदला दिवस : परवानगीवाचून माझ्या कुत्रीच्या, दुर्गीच्या, अंगाला हात लावला. जबाबदार, यशोदाअक्का.

गणेश चतुर्थी : अक्कांना लेखी ताकीद. जबाबदार, मी.

अनंत चतुर्दशी : त्या ताकिदीचे स्मरणपत्र. जबाबदार, पुन्हा मीच.

या काळात दुर्गीच्या पोटाखालची गाठ तुरीच्या दाण्याएवढी होती, ती बोराएवढी झाली. हा विलंब मी अन्य कोणावर ढकलू इच्छीत नाही.

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत अक्कांना न ओळखणारे जनावर नाही. माहेर धुळ्याकडचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात; ती खांदमळणी माहेरी त्याच करीत. वडिलांची शिकवण अशी, की तूप हे निमित्त. जुवाखाली सूज, गाठ, जखम आहे का, ते बोटांनी पाहायचे. लग्न होऊन अक्का जळगावला आल्या, बैल सुटले. बोटांची सवय सुटली नाही. आता दर रविवारी सकाळी वाटीत हळद-तूप घेऊन त्या निघतात आणि कॉलनीतली कुत्री, मांजरे व एक बोकड यांना यथासांग मळून काढतात. समोरच्या मांजराने त्यांना अनेकदा ओरबाडले आहे. ‘त्याले गुदगुल्या व्हतीस,’ एवढाच त्यांचा खुलासा.

मी न्यायालयाच्या नक्कल विभागातून निवृत्त झालेला माणूस. माझ्याकडे तोंडी गोष्टीला किंमत नाही.

‘नाना, हाई गाठ शे,’ त्या दिवशी दुर्गीला मळता मळता अक्का म्हणाल्या.

‘चरबी आहे. शेव खाते ती.’

‘तुम्हीन डॉक्टर शेतस का?’

‘आणि तुम्ही?’

‘मी बी नही. म्हनीसनच सांगस, डॉक्टरले दाखाडा.’

हा युक्तिवाद बिनतोड होता, म्हणून मला अधिकच संताप आला. निदान करण्याचा आपणांस अधिकार काय, मालकाच्या संमतीविना स्पर्श कोणत्या आधारे केला, असे सात मुद्द्यांचे पत्र मी त्यांना दिले. ते दुसऱ्या दिवशी परत आले. मागच्या कोऱ्या बाजूवर हळदीने एक कुत्री काढली होती. ती खाटेसारखी दिसत होती; पण मागच्या थानापाशी एक ठिपका अचूक होता. उत्तरात एकाही मुद्द्याचा परामर्श नसल्याने मी स्मरणपत्र तयार केले.

ते द्यायला गेलो, तेव्हा दुर्गी माझ्यामागून आली. अक्कांनी पत्र न वाचता खाली ठेवले आणि माझा हात धरून तिच्या पोटाखाली नेला.

‘नाना, कागद लिखीसन गाठ जास का?’

बोटांखाली ती लागली. इतकी वर्षे दुर्गी माझ्या पायाशी झोपते. मी तिला थोपटले होते, हाका मारल्या होत्या, रागावलोही होतो. असा हात कधी फिरवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिघे रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. सुई टाकून तपासणी झाली, मग शस्त्रक्रिया. गाठ कर्करोगाचीच निघाली. पण आजार पुढे सरकलेला नव्हता, ती समूळ काढता आली. पुढेही नियमित तपासायला आणा, असे डॉक्टरांनी बजावले. ‘आणखी थोडे थांबला असता तर...’ एवढे बोलून ते थांबले. वाक्य पुरे करण्याचा आग्रह मी आयुष्यात प्रथमच धरला नाही.

रिक्षात अक्का मला शिकवीत होत्या : ‘बठ्ठ्या गाठी वाईट नही ऱ्हातीस. पन गाठ वाढनी, जखम भरेना, खानं सुटनं, वजन उतरनं, तोंडाले घान वास उना, लंगडाले लागनं, तर वाट देखानी नही.’ मी ते जसेच्या तसे उतरवून घेतले; ‘बठ्ठ्या’पुढे कंसात ‘सर्व’ एवढे मात्र लिहिले. त्यात दुरुस्ती करण्याजोगे काही आढळले नाही.

टाके निघाल्यानंतरच्या रविवारी मी अक्कांना चहाला बोलावले. आभाराचे पत्र तयार होते. ते वाचून दाखवताना दुसऱ्या परिच्छेदातच मी कागदाची घडी घातली. अक्का दुर्गीचे कान कुरवाळीत बसल्या होत्या. काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, ‘अक्का, एवढी माया आहे, तर स्वतः एखादे कुत्रे का पाळत नाही?’

‘घरमा एकलीच शे मी,’ त्या सहज म्हणाल्या. ‘मी मरी गऊ, ते त्यानावर हात कोन फिरावी?’

कप खाली ठेवून त्या उठल्या. बोकड मळायचा राहिला होता.

सबब कॉलनीतील सर्व रहिवाशांना या जाहीर पत्राद्वारे विचारणा करण्यात येते : एखाद्या रविवारी अक्का आल्या नाहीत, तर त्यांच्या दाराची कडी वाजवायला कोण जाणार? उत्तर तोंडी चालणार नाही. कॉलनीच्या फलकावर कोरा कागद लावला आहे. पहिली ओळ मी सहीनिशी भरली आहे. दुसऱ्या ओळीवर कोणाचे नाव येते, ते सर्वांसमक्ष कळावे.